पायथॉन फुकट, पण रेंज कुठाय?

पुतणीची मेंदूविज्ञानाच्या प्रोग्रामिंगची कार्यशाळा होती. सूचना साधी: लॅपटॉपवर पायथॉन, नमपाय, ज्युपिटर टाकून ठेवा. सगळं फुकट. पण सिद्धगडाच्या पायथ्याला डाउनलोड निम्म्यावर आलं की रेंज गायब, नाहीतर लाईट. शेवटी पोरगी एसटीनं मुरबाडला आली. रात्री बाराला माझ्या टेबलावर काम झालं. मेंदूतल्या पेशीचा आलेख पडद्यावर उमटला तेव्हा कुठं हसली.

न्यूरोमॅच अकादमीचे वर्ग २०२० पासून ब्राउझरमध्येच चालतात, काही टाकावं लागत नाही. पण त्याला अखंड नेट लागतं. मग आमची पोरं बादच ना?

भाई कोतवाल, हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. दर २ जानेवारीला अभिवादनाला येणाऱ्या नेतेमंडळींनो, यंदा हाराबरोबर टॉवरचंही बघा.