अठ्ठावीस बाइट

वायरीला अक्षरं कळत नाहीत. सिरीयल पोर्टमधून एका वेळी एकच बिट जातो. असे आठ मिळून एक बाइट. इंग्रजी ‘ए’ला एक बाइट पुरतो. आपल्या ‘प’ला यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात, आणि पुढच्या कान्याला वेगळे तीन.

आमच्या टाकीचा फ्लोट रिकामा झाला की आर्डुइनो जुन्या लॅपटॉपला कळवतो. नेटवरच्या उदाहरणांत हा निरोप इंग्रजीत असतो. पण मोटर आई लावते आणि ती मराठीच वाचते. म्हणून ‘पाणी संपलं’. मधली मोकळी जागा धरून २८ बाइट. ९६०० बॉडला जेमतेम २९ मिलिसेकंद. मराठी जड पडते म्हणणाऱ्यांनी हे मोजून बघावं.

बोर्ड बिचारा सगळं नीट पाठवतो. घोळ घेणाऱ्याकडे होतो: प्रत्येक बाइटला अक्षर समजून छापलं की पडद्यावर नुसते चौकोन. खरं तर पहिला बाइट, २२४, स्वतःच सांगत असतो: माझ्यामागे अजून दोघं आहेत, थांब. मी पायथनला ओळ संपेपर्यंत थांबायला लावलं.

आईने वाचलं. म्हणाली, “टिंबं दिलीस ते बरं केलंस.”

एकेका टिंबाचेही तीन बाइट.