पाव गिरकी

रात्री साडेअकराला पहिल्यांदा बटण दाबलं. कॅबिनेटचा पुढचा पंखा पाव गिरकी फिरला, आत कुठेतरी एक दिवा लुकलुकला आणि सगळं थांबलं. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. परत दाबलं, तर तेवढंही नाही.

लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि तिच्या ड्रॉइंगांना जुना लॅपटॉप पुरेना. तयार पीसी कशाला, आपण जोडू की, असं मीच बोलून बसलो होतो. लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं पालथी घालून सगळे भाग घेतले आणि ग्रँट रोडहून बोरिवली स्लोच्या लगेज डब्यात, मासळीच्या रिकाम्या पाट्यांशेजारी, कॅबिनेटचं खोकं गुडघ्यांत धरून घरी आणलं. जोडायला चार तास लागले. प्रोसेसर बसवताना श्वास रोखला, रॅमच्या खिट्ट्या टक्कन लागल्या, वायरी मागच्या अंगानं ओवून बांधल्या. आतून तो इतका नेटका दिसत होता, की लेकीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवलासुद्धा. आता त्या फोटोखाली ‘चालू झाला का?’ असं येत होतं.

साफ मेलेल्या वस्तूचं एक बरं असतं, माणूस दिवा मालवून झोपतो. ही पाव गिरकी झोपू देईना.

माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचं बटण सरळ होतं. दिव्याच्या बटणासारखं खटकन आत जायचं आणि तिथेच राहायचं, कारण घरातली 230 व्होल्टची वीज खरोखर त्याच्यातून जात होती. काम संपलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता बंद केलंत तरी चालेल, अशा अर्थाची ओळ यायची आणि मग आपण उठून बटण बाहेर काढायचं. 1995 साली इंटेलनं एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली, तेव्हापासून बटणाचा हा अधिकार गेला. आता ते दारावरच्या बेलसारखं झालंय. दाबलं की मदरबोर्डला कळतं, मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो, एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्ट उभे करतो, ते स्थिर झाले की एका वायरीवरून ‘सगळं ठीक’ असा निरोप परत पाठवतो आणि तो निरोप पोहोचेपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेलं असतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास. त्यामुळे बंद कॉम्प्युटर पूर्ण बंद कधीच नसतो. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर पाच व्होल्टची एक बारीक धार बोर्डात जागी असते, कुणी बेल वाजवतंय का ते ऐकत.

बाहेरच्या खोलीत अण्णाही तसेच पडले होते.

“एसएमपीएस गेला,” मी लेकीला म्हणालो.

“अर्थिंग बघ आधी,” बाहेरून आवाज आला.

“अण्णा, तुम्ही झोपा हो.”

“झोपलोय कुठे?”

अण्णांनी गिरणीत वायरमन म्हणून उभं आयुष्य काढलं. उठून आले ते टेस्टर घेऊनच. पण टेस्टर लावण्याआधी त्यांनी कॅबिनेटला हात लावला, तोही उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं. तळव्याला शॉक बसला तर मूठ आवळते आणि तार सुटत नाही, मागच्या बाजूला बसला तर हात आपसूक मागे येतो. लहानपणी मी त्यांना आमच्या फ्रिजलाही असाच हात लावताना पाहिलंय.

“मुंग्या येतायत,” ते म्हणाले. टेस्टर टेकवला, तर आत मंद नारिंगी ठिणगी.

मुंग्या खऱ्या होत्या. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलकडून. पत्र्यावर येणारी ही चिमूटभर वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावी अशी अपेक्षा असते. आमची इमारत जुनी. सॉकेटला भोकं तीन, पण तिसऱ्याच्या मागे काही असेल याची खात्री कुणी करून घेतली नव्हती. तार नसली की पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो, 115 व्होल्टच्या आसपास. प्रवाह नगण्य, पण हाताला कळतो.

चोर सापडला असं अण्णांनी जाहीर केलं. माझा संशय एसएमपीएसवरच होता. लेक काही बोलली नाही, तिच्या मनातला संशयित बहुधा मीच होतो.

“पिन काढ,” अण्णा म्हणाले. “जरा दम खाऊ दे त्याला.”

पाच मिनिटांनी परत लावली. बटण दाबलं. पाव गिरकी!

आणि पुन्हा दाबल्यावर पुन्हा काही नाही. मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कुठेतरी शॉर्ट होतं, ते दिसताच एसएमपीएस हात आखडता घेत होता आणि भिंतीवरची वीज काढून परत दिल्याशिवाय ऐकायलाच तयार नव्हता. दुसऱ्यांदा दाबल्यावरची जी शांतता मला मरणाची वाटली, तो त्याचा शहाणपणा होता.

तरी खात्री हवी म्हणून त्याला एकट्याला बाहेर काढला. अण्णांनी बजावलं, डबा उघडायचा नाही. आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट पोटात धरून असतो आणि पिन काढली म्हणून लगेच सोडत नाही. उघडायची गरजही नव्हती. चोवीस भोकांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली, की एसएमपीएसला वाटतं बटण दाबलं गेलंय. आता नव्या मालात सगळ्याच वायरी काळ्या करतात, दिसायला छान म्हणून. मग हिरवी कोणती ते मोजून काढायचं, खिट्टीच्या बाजूच्या रांगेत चौथी. पण योग्य टोकाकडून, कारण दुसऱ्या टोकाकडून चौथी पाच व्होल्टची निघते. मी तीनदा मोजलं, लेकीनं दोनदा. फायलीतली यू-पिन वाकवून खोचली, ओझं म्हणून कॅबिनेटचा एक पंखा लावला आणि मग वीज दिली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. एसएमपीएस निर्दोष सुटला.

आता उलटतपासणी मदरबोर्डची. सगळे स्क्रू काढून तो बाहेर घेतला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. खोक्यावर ठेवलेला नागडा बोर्ड बघण्यासारखा असतो. कॅबिनेटात त्याला सरंजाम असतो, काच, दिवे. इथे फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि दोन वायरी, चोवीसची आणि प्रोसेसरची आठची. बटण कॅबिनेटात राहिलेलं, म्हणून बोर्डाच्या कडेच्या त्या दोन पिना बाहेरून जुळवायच्या. अण्णांनी त्यांचा डिसमिस पुढे केला. स्क्रूड्रायव्हरला ते अजून डिसमिस म्हणतात. लाकडी मुठीचा, टोक झिजलेलं. ते टोक मी दोन पिनांवर क्षणभर टेकवलं.

पंखा पाव गिरकी फिरला. मग अर्धी, मग पुरी, मग पाती दिसेनाशी झाली.

तिघांपैकी कुणीच बोललं नाही. लेकीनं मॉनिटरची वायर लावली आणि पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह आलं तेव्हा रात्रीचे सव्वादोन झाले होते.

बोर्ड ठणठणीत, एसएमपीएस ठणठणीत, उरलं रिकामं कॅबिनेट. त्यात टॉर्च धरून लेकीनं वाकून पाहिलं. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेचे छोटे पाय लावतात. बोर्डाला जिथे भोक, तिथेच पाय, असा हिशेब. वेगवेगळ्या मापांच्या बोर्डांसाठी पत्र्यात मात्र जास्तीच्या जागा असतात.

“बाबा, आपल्या बोर्डाला भोकं किती?”

“आठ.”

“मग हे नऊ कसे?”

नववा मीच लावला होता. बोर्डाचा मधला भाग मला अधांतरी वाटला होता, रॅम दाबताना वाकेल म्हणून खाली एक आधार दिला. तो आधार बोर्डाच्या पाठीवर, उघड्या डागकामावर नेमका टेकत होता. पितळेच्या माथ्यावर केसाएवढा एक चरा उमटला होता.

“आधार दिलास होय,” अण्णा म्हणाले, आणि तो पाय हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

सकाळी मी उठलो तेव्हा मेन बंद होता आणि अण्णा सॉकेट उघडून स्टुलावर बसले होते. अर्थिंगची हिरवी तार भिंतीत होती, रंगकामाच्या वेळी कुणीतरी कापून आत ढकललेली. त्यांनी तिचं टोक सोलून तिसऱ्या भोकामागे कसलं. मेन चालू केला. आधी उलटा हात लावला, मग टेस्टर. टेस्टर पेटला नाही. तो बिघडला तर नाही ना, म्हणून त्यांनी फेजला लावून पाहिला, परत पत्र्याला लावला आणि मग चहा मागितला.

नववा पाय त्यांच्या खिळ्यांच्या डब्यात गेला. लागेल कधीतरी, म्हणाले.