बार्जवाल्यांना हात

चोडणच्या आमच्या घरात वाढलेल्या प्रत्येक पोराला चालता यायच्या आधी हात करता यायचा. सोप्यावर आजीच्या मांडीवर बसलेल्या मुलाला समोर नदीत काही सरकताना दिसलं की आजी त्याचं मनगट धरून हलवायची, आणि नदीवरून कुणीतरी हात वर करायचं. पाण्यावरच्या माणसानं आणि काठावरच्या माणसानं एकमेकांना न बघितल्यासारखं करून पुढं जायचं असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही सगळी चुलत-आते भावंडं आता पन्नाशी-साठीत आहोत. कुणी पणजीत, कुणी पुण्यात, एक मस्कतला, एक विलायतेत. पण चवथीला जमलो की बोलणं फिरून फिरून त्या हातांवर येतं.

घर मडेलला, फेरीच्या धक्क्यापासून थोडं आत, खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, बांधाला लागून. समोर मांडवी, पलीकडे रायबंदर. नदी म्हणायची खरी, पण पाणी खारं आणि दिवसातून दोनदा चढणारं, दोनदा उतरणारं. आजोबांच्या लहानपणी तिच्यावर वल्ह्यांच्या होड्या आणि शिडाच्या नावा होत्या. मग पोर्तुगीज अमदानीतच इंजिनाच्या लाँच आल्या, त्यांना घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत ‘गासोलीन’ म्हणत राहिली. आम्ही मात्र बार्जची पोरं. १९५० च्या सुमाराला गोव्याचं लोहखनिज जपानला जायला लागलं आणि मांडवी कामाला जुंपली गेली. डिचोलीकडच्या खाणींतून ट्रकांनी माल आमोणे, सारमानस इथल्या धक्क्यांवर यायचा, तिथं बार्जमध्ये पडायचा आणि आमच्या दारावरून पणजी, आग्वाद, तिथून मुरगाव बंदरात थांबलेल्या जहाजांकडं जायचा. भरलेला बार्ज इतका खोल बसायचा की लांबून नुसती लाल मातीची रास पाण्यावरून चालल्यासारखी दिसायची. परतीचा रिकामा बार्ज उंच, भिंतीसारखा, आणि इंजिनाचा आवाजही वेगळा. डोळे मिटून भरलेला कुठला, रिकामा कुठला हे सांगायची आमची पैज लागायची.

हात करण्याच्या रीती होत्या आणि त्या कुणी न सांगता पाळल्या जायच्या. होडीतून एकटा पागायला निघालेला माणूस वल्हं सोडू शकत नाही, म्हणून तो मान वर करायचा. आपण मात्र त्याला पूर्ण हात करायचा. फेरीबोटीवरच्या लोकांना तळवा पुरे, कारण त्यांतले निम्मे गावचेच. बार्ज लांबून जाणारा, म्हणून त्याला दोन्ही हात, नाहीतर हातात फडका. दोन बार्ज समोरासमोर आले की आधी भोंगा वाजायचा. एक छोटा म्हणजे मी उजवीकडं घेतो, दोन छोटे म्हणजे डावीकडं. हे नियम जगभरच्या नौकांचे, पण आम्हाला ते मांडवीचेच वाटायचे. भोंग्याचं काम आटोपून दोघं एकमेकांच्या बगलेला आले की दोन्हींकडचे खलाशी कठड्याला येऊन हात करायचे, ओरडून काहीतरी विचारायचे. उत्तर इंजिनांत बुडून जायचं, तरी विचारणं चुकायचं नाही.

फक्त एकाच प्रसंगी आजी आमचे हात खाली ओढायची. पलीकडच्या दवाखान्यातून कुणाला शेवटचं घरी आणत असले तर ती होडी लांबूनच ओळखू यायची. वल्हं सावकाश पडायचं आणि होडीतली सगळी माणसं खाली बघत बसलेली असायची. आजी उठून उभी राहायची आणि होडी दिसेनाशी होईपर्यंत उभीच असायची. आम्हीही उभे. लग्नाची होडी आली की मात्र काकी आतून पितळेचं ताट आणून वाजवायची.

आमचे थोरले काका बार्जवर होते. खलाशी म्हणून लागले, पुढं सारंगाची परीक्षा देऊन सुकाणूला उभे राहिले. त्यामुळं आमच्या घराला बार्ज म्हणजे नुसता जाणारा-येणारा माल नव्हता. काकांच्या गळ्यात नेहमी लाल-पांढऱ्या चौकड्यांचा पंचा असायचा. मुरगावहून परत येताना आमच्या वळणावर आले की ते तो पंचा काढून डोक्यावर गोल फिरवायचे. दोन फेरे म्हणजे आज रात्री जेवायला घरी. एकच फेरा म्हणजे लगेच परत माल भरायला लागणार, वाट बघू नका. आमच्यातला जो कुणी बांधावर असेल त्यानं फेरे मोजून धावत येऊन स्वयंपाकघरात सांगायचे, आणि काकीनं त्याप्रमाणं तांदूळ धुवायचे. रात्रीचं जाणं असलं तर टॉर्च. अंधारात बार्जचे दिवे बघून तो कुठं तोंड करून आहे हे आम्हाला कळायचं, कारण डावीकडं लाल आणि उजवीकडं हिरवा. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले की तो सरळ आपल्याच रोखानं येतोय. मग सगळ्यांनी बांधावर. काकी सोप्यात कंदील वरखाली करायची आणि पाण्यावरून टॉर्च उघडझाप व्हायचा. टेलिफोन गावात मोजक्या घरांत होता आणि आमचं घर त्यांत नव्हतं. पण काकांची खबर मिळाली नाही असं त्या काळात झाल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नाही.

एक फेरा आला की डबा पोचवायचा. हे काम माझ्या थोरल्या चुलतभावाचं आणि शेजारच्या होडीवाल्या मामांचं. बार्ज थांबत नाही. भरतीची वेळ गाठायची असते. मामा होडी वरच्या अंगाला नेऊन प्रवाहावर सोडायचे, बार्जचा वेग जरा कमी व्हायचा आणि होडी त्याच्या कुशीला लागायची. भरलेला बार्ज असला तर त्याचा काठ जवळजवळ होडीच्या उंचीला, डबा सरळ हातात देता यायचा. रिकामा असला तर वरून दोर सुटायचा, त्याला डबा बांधायचा. ताज्या हुमणाचा वास आख्ख्या बार्जला लागायचा आणि काकांना त्यातलं फार थोडं मिळायचं, असं ते नंतर हसत सांगायचे. दुसऱ्या दिवशी तोच दोर खाली यायचा तेव्हा रिकाम्या डब्यात काहीतरी असायचंच. कधी वास्कोच्या बाजारातली बिस्किटं, कधी आजीच्या गुडघ्यांचं औषध.

पावसाळ्यात हे सगळं बंद. मांडवीच्या मुखाशी आग्वादला वाळूचा बांध आहे, पावसाळी समुद्रात तो ओलांडणं धोक्याचं. म्हणून ते चार महिने बार्ज समोरून येतच नसत. जुन्या गोव्याच्या वरच्या अंगाला कुंभारजुव्याचा कालवा फुटतो, तो मांडवी आणि जुवारीला जोडतो. त्या वाटेनं आतल्या आत जुवारीत उतरून मुरगाव गाठायचं. कालवा अरुंद, दोन्ही तीरांना खारफुटी, चिखलात मगरी पडलेल्या. बोरीकडं पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ती मानगे थापणी याच पाण्याच्या आधारानं राहणाऱ्यांची. मृग लागला की आमच्या बांधावर उभं राहायला कारण उरायचं नाही आणि काकी अबोल व्हायची. पण तिचं माहेर कुंभारजुव्याचं. चवथीला, सातव्या दिवशीच्या सांगोडासाठी, ती माहेरी जायची आणि आम्हा पोरांपैकी दोघं-तिघं तिच्याबरोबर. होड्यांना होड्या जोडून त्यावर गणपती बसवलेले, सोंगं उभी केलेली, काठावर माणूस मावत नाही, आणि काकीचं लक्ष भलतीकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हाला घेऊन कालव्याच्या काठाला जायची. तिथं बार्ज इतक्या जवळून जायचा की पंचा फिरवायची गरज नसे. काकांचा चेहरा दिसायचा. तरी ते फिरवायचेच.

नदीशी आमचं सगळं गोडच होतं असं नाही, आणि ते लपवायची मला इच्छा नाही. बार्जच्या लाटेनं खाजनाचा बांध खचायचा. बांध फुटला की खारं पाणी भातात, मग ते शेत पुढची कितीतरी वर्षं हातचं गेलं. म्हणून हात करण्याची आणखी एक तऱ्हा होती: तळवा खाली करून दाबत राहायचं आणि ओरडायचं, “सवकास रे, सवकास!” आजोबा हे बांधावरून करायचे तेव्हा त्यांच्या हातात प्रेम नसे. बहुतेक जण वेग उतरवायचे, काही उतरवत नसत. पावसात खाणींवरून वाहून आलेल्या मातीनं ओहळ लाल व्हायचे, ती माती मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या, दारांशी साचायची. काकांचा पगार त्या मातीतून यायचा आणि आजोबांचं शेत त्या मातीनं मरायचं, आणि दोघं एकाच पंगतीला जेवायला बसायचे. त्या जेवणांत शब्दाला शब्द लागलेला आम्ही ऐकला आहे. पण संध्याकाळी काकांचा बार्ज वळणावर आला की आजोबा आधी तळवा दाबायचे आणि मग तोच हात वर करायचे. मला आजही वाटतं, नदीवरच्या माणसांना एकमेकांशी भांडता येत होतं कारण ती एकमेकांना हात करत होती. तोंडओळख नसलेल्या माणसाला “सवकास” म्हणून बघा, तो ऐकत नाही.

५ जुलै १९८६ ला पणजी-बेतीचा पूल पडला. ज्यांना फेरीची सवय सुटली होती अशी बार्देशची माणसं पुन्हा पाण्यावर आली. नवा पूल १९९२ मध्ये झाला. मधली ती वर्षं आमच्या धाकट्या आत्याला फार प्रिय आहेत. ती तेव्हा पणजीत नोकरीला जायची आणि म्हणते की सबंध गोवा एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभा होता.

काका निवृत्त झाले, आणि काही वर्षांत गेलेही. त्यांनी पुढचं बघितलं नाही हे बरं झालं असं काकी म्हणते, मला ते पटत नाही. त्यांना ते बघण्याचा हक्क होता. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. काही काळानं थोडं सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. बार्ज जागोजागी नांगरून पडले, एकाला एक बांधलेले, गंज खात. कर्जं काढून बार्ज घेतलेल्या घरांत काय झालं ते नदीकाठच्या माणसांनी बघितलं आहे. पाणी निवळलं, हेही खरं. आमच्या बांधाखाली खुबे पूर्वीपेक्षा चांगले मिळायला लागले. आजोबा असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण सोप्यावर बसलेल्या आमच्या नातवंडांना हात करायला समोर कुणी नव्हतं. आता संध्याकाळी पणजीकडून पर्यटकांच्या बोटी येतात, वर गाणी लावलेली. त्यांवरची माणसं हात करतात, अगदी मनापासून करतात, आणि पोरं परत करतात. मला ते आवडतं. फक्त ती माणसं उद्या दुसरी असतात.

विलायतेतला आमचा चुलतभाऊ स्विंडनला असतो. तिथं गोव्याची माणसं इतकी की त्याला कोकणी बोलायला बाहेर जावं लागत नाही. त्यानं मध्यंतरी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्याच्यापासून थोड्या अंतरावर डिव्हायझेस गावाला केनेट आणि एव्हन नावाचा कालवा आहे, १८१० सालचा. डोंगर चढण्यासाठी त्याला तिथं पाण्याच्या पायऱ्या आहेत, २९ लॉक, त्यातले १६ एका ओळीत. सात फूट रुंदीच्या लांबट बोटी त्यातून चार मैलांच्या वेगानं, म्हणजे माणसाच्या चालीनं, जातात. हा कालवाही मध्ये कितीतरी वर्षं मेलेला होता, गाळानं भरलेला. तिथल्या स्वयंसेवकांनी फावडी घेऊन तो उपसला आणि १९९० मध्ये पुन्हा खुला झाला. व्हिडिओत एक म्हातारं जोडपं बोटीच्या मागच्या टोकाला उभं आहे. समोरून दुसरी बोट येते, दोन्हींकडचे हात वर जातात. काठावरून कुत्रं फिरवणारी बाई हात करते, तिलाही हात मिळतो. आणि मग मोबाइलमागून आमच्या भावाचा हात मधे येतो. बोटीवरची म्हातारी त्याला हात करते. खाली त्यानं लिहिलं होतं, “इथं सगळे करतात. न केल्यास राग येतो.” त्या रात्री ग्रुपवर झोपलं कुणी नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात रायबंदर-चोडणला नव्या रो-रो फेरीबोटी आल्या. गाड्या झटपट चढतात, पार जायला पूर्वीच्या निम्माही वेळ लागत नाही. बेटावर राहणाऱ्याला, त्यातून घरात आजारी माणूस असलेल्याला, ही मोठीच सोय. गाडीतून न उतरता पार जाणारे वाढले आहेत. माझा पुतण्या मात्र कठड्याला उभा राहतो, जुन्या होडीवरच्या माणसाला हात करतो, आणि तो माणूस मान वर करतो.

यंदा चवथीला स्विंडनवाला आला होता. जेवणं झाल्यावर आमचा जुनाच वाद निघाला. तो म्हणतो काका पंचा तीनदा फिरवायचे. बाकी आम्ही सगळे म्हणतो, दोनदा. दोनाला घरी, एकाला नाही, असंच ठरलेलं होतं. तो हट्टाला पेटला, “मी मोजलेत, पुष्कळदा तीन असायचे.” शेवटी काकीला विचारलं. ती ऐंशीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं, पण हे तिला पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

“तीनच असायचे कधीकधी,” ती म्हणाली. “पण तिसरा फेरा तुमच्यासाठी कुठं होता? मी माजघराच्या खिडकीतून बघायची ना, ते त्यांना ठाऊक होतं.”