कलते खांब

मळवली स्थानकात लोकलमधून उतरलेली माणसं दोन दिशांना पांगतात. दक्षिणेला निघालेली एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या पायऱ्यांना लागतात. उत्तरेला निघालेली जुना महामार्ग ओलांडून कार्ल्याच्या, म्हणजे एकवीरेच्या डोंगराकडे जातात. पुण्यामुंबईतली चित्रप्रदर्शनं पाहायला मी याच रुळांवरून जात असते. जहांगीर कलादालन असो की बालगंधर्वमधलं एखाद्या तरुण चित्रकाराचं पहिलं प्रदर्शन असो, ओढ तीच. पण प्रदर्शन पाहावं कसं, हे मला या रुळांच्या दोन बाजूंच्या लेण्यांनी शिकवलं.

भाज्याचं चैत्यगृह इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. आत साधे अष्टकोनी सत्तावीस खांब, नक्षी जवळजवळ नाहीच. दाराशी उभं राहून एका खांबाची कड डोळ्यांनी वरपर्यंत नेली, की लक्षात येतं, खांब सरळ नाहीत. दोन्ही रांगा आतल्या अंगाला कललेल्या आहेत. एकदा हे दिसलं की त्या दालनात दुसरं काही दिसतच नाही.

हा कल सुताराच्या अनुभवातून आलेला आहे. कमानदार लाकडी छपराचा भार सरळ खाली उतरत नाही. कमानीचे दोन्ही पाय बाहेर सरकू पाहतात. खांब आत कलता रोवला, तर तो रेटा खांबाच्या लांबीतून जमिनीत जातो आणि छप्पर फाकत नाही. त्या काळी कुणी बलांचे बाण काढून हे मांडलं नसेल, पण पिढ्यान् पिढ्या छपरं उभारणाऱ्या हातांना ते ठाऊक होतं. ती लाकडी सभागृहं आज कुठेच उरलेली नाहीत. वाळवीने, आगीने, पावसाने त्यांचा मागमूस ठेवला नाही. ती कशी होती, हे आपल्याला मुख्यतः कातळात कोरलेल्या त्यांच्या प्रतिरूपांवरून कळतं.

कातळाला मात्र या कलाची गरजच नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यातून सह्याद्रीचा हा काळा पाषाण झाला. भाज्याचं छप्पर कुणी आणून वर चढवलेलं नाही. डोंगर वरून खाली कोरत नेला आणि हवी तेवढी पोकळी मोकळी केली. बाहेर सरकेल असं त्यात काही नाही. तरी पाथरवटाने खांब कलतेच ठेवले, कारण सभागृह म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे तेच रूप येत होतं. त्या रूपाचं कारण लाकडात होतं. दगडात कारण उरलं नाही, रूप उरलं. माझ्या मते कला आणि विज्ञान यांचं नातं इथे जितकं उघड दिसतं, तितकं ते मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं आहे. रोजच्या कामातलं ज्ञान गरज संपल्यावरही आकारात साठून राहतं आणि त्याचंच सौंदर्य होतं.

कार्ल्याला गेलं की याच गोष्टीचा पुढचा भाग वाचायला मिळतो. दोन-अडीचशे वर्षं उलटली आहेत. चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच, खांब सदतीस, माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. आणि खांब आता ताठ उभे आहेत. मधल्या काळात कुणाच्या तरी ध्यानात आलं की दगडाला कलायचं कारण नाही. पण मान वर केली की नवल वाटतं, कारण छपराच्या अर्धगोलात खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत. छपराचा भार त्यांच्यावर नाही. खांब सरळ करण्याइतकी दगडाची जाण आलेल्या माणसांनी लाकूड मात्र समजून उमजून ठेवलं. त्या फासळ्यांमुळे ती पोकळी मोजली जाते, एका लयीत स्तूपाकडे सरकत जाते. काय टाकायचं हे पाषाणाच्या ज्ञानाने ठरवलं, काय राखायचं हे डोळ्याने ठरवलं.

दर्शनी भिंतीवरच्या आणि आतल्या खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावं आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल या शैलगृहाला जंबुद्वीपातलं सर्वोत्तम म्हणतो. धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो वेणुवासाचा मुलगा सामी. त्याने दाराचं काम केलं, आणि लेख त्याला सुतार म्हणतो. दगडाच्या लेण्यावर सुताराचं नाव कोरलेलं आहे, यात मला सगळं आलं असं वाटतं.

एकोणिसाव्या शतकात वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनने या कलण्यावरूनच लेण्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला. खांब जितके कलते आणि लाकडाची आठवण जितकी दाट, तितकं लेणं जुनं. पुढे कार्बन-१४ आला. झाड तोडलं की त्यातला हा कार्बन घटू लागतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो, म्हणून छपरातल्या लाकडालाही आपलं वय सांगता येतं. शिल्पाने जपलेली वस्तू अशी प्रयोगशाळेच्या उपयोगी पडते.

या डोंगरांकडे अशा दोन्ही नजरांनी पाहणारा माणूस म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ सालचा. व्यवसायाने गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत, म्हणजे मावळ त्यांच्या रोजच्या वाटेवर होता. जुनी नाणी हातोहात फिरताना झिजतात, म्हणून हजारो नाणी तोलून त्या झिजेचं संख्याशास्त्र त्यांनी मांडलं. तीच काटेकोर नजर घेऊन ते कार्ल्याला आले, लेख पुन्हा वाचले आणि १९५५ मध्ये धेनुकाकटावर निबंध लिहिला. लेण्याच्या तोंडाशी असलेल्या देवीकडे, तिला येणाऱ्या माणसांकडे, त्यांच्या जुन्या वाटांकडेही त्यांनी तितक्याच आस्थेने पाहिलं. कोळी आणि आगरी कुटुंबं आजही कोकणातून घाट चढून एकवीरेला येतात. कोसंबींसाठी ती गर्दी हाही पुरावाच होता.

कोसंबींच्या त्याच टाटा संस्थेत तिचे संस्थापक होमी भाभा चित्रं जमवत होते. ते स्वतः चांगली रेखाचित्रं काढत. मुंबईतल्या नव्या चित्रकारांची चित्रं त्यांनी संस्थेसाठी घेतली, मकबूल फिदा हुसेन यांचं भलं मोठं भित्तिचित्र तिथे लावलं. समीकरणं सोडवणाऱ्यांच्या वाटेत ही चित्रं असावीत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. वासुदेव गायतोंडे यांचं कामही त्या संग्रहात आहे. गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंग पसरत, काढत, पुन्हा चढवत. त्यांच्या कॅनव्हासपुढे थांबलं की उजेड आतून येतोय असं वाटतं. रंगाच्या पातळ थरांतून प्रकाश खाली जातो, तळच्या थरावरून परततो आणि वाटेत बदलतो. हे प्रकाशशास्त्र माहीत झाल्यावर चित्राचं गूढ उतरेल अशी भीती काहींना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. कारण कळलं की मी त्या चित्रापुढे अधिक वेळ थांबते.

म्हणून कलादालनात गेले की चित्राचा अर्थ मी घाईने शोधत नाही. हे कशावर केलंय, रंगाने कुठे साथ दिली आणि कुठे अडवलं, हे आधी पाहते. अर्थ बहुतेकदा त्या अडवण्यातच सापडतो.

मावळातल्या शाळांच्या सहली भाज्याला आणि कार्ल्याला येतात. मुलं पायऱ्या चढतात, रांगेत फोटो काढतात, डबे खातात आणि उतरतात. माझी एक मनापासूनची मागणी आहे. या सहलीला विज्ञानाच्या बाई आणि चित्रकलेचे सर एकत्र यावेत आणि एकाच खांबापाशी दोघांनी तास घ्यावा. खांब का कलला, हे बाईंनी फळीला फळी टेकवून दाखवावं. गरज नसताना लाकूड का राखलं, हे सरांनी मुलांकडून चितारून घ्यावं. इयत्ता सातवीतल्या मुलीला हे दोन प्रश्न एका दुपारी पडले, तर पुढे ती प्रयोगशाळेत गेली काय नि कलाशाळेत गेली काय, दुसऱ्या दाराला ती परकं मानणार नाही.