उतरत्या अंगाचा फोन

लहानपणी आम्हा भावंडांचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवले जायचे. माझा फ्रॉक गुडघ्याच्या बराच खाली आणि भावाची चड्डी जवळजवळ पोटरीपर्यंत. "पुढच्या वर्षी बरोब्बर होईल," असं आई म्हणायची आणि खरंच व्हायचं. हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरातला मोबाईल. वाढत्या अंगाचा हिशेब आपल्याकडे सगळ्यांना येतो, उतरत्या अंगाचा कुणी करत नाही, हे गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं.

तर झालं असं. ह्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा मुलाने पुण्याहून येताना फोन आणला. चांगला ६.७ इंची. "बाबा, अक्षरं मोठी दिसतील, पेपरसुद्धा वाचता येईल." हे एकदम खूष! दोन वर्षं छान गेली. मग हळूहळू फोन टेबलावर ठेवून एका बोटाने चालवणं सुरू झालं. फिरायला जाताना तो घरीच राहू लागला. "चार्जिंगला लावलाय", "वाटेत मला कुणाशी बोलायचंय?", रोज नवीन कारण. चौतीस वर्षं गृहपाठ न करण्याची कारणं ऐकलेली मी, पण ह्यामागे काहीतरी आहे हे मला कळलं नाही. उलट मीच ओरडायची, "अहो, एवढा महागाचा फोन, जरा दोन्ही हातांनी धरा ना!"

गेल्या जूनमध्ये एका सकाळी हे आयर्विन पुलाकडे फिरायला गेले आणि घाटाच्या पायऱ्यांवर त्यांना घेरी आली. फोन अर्थातच घरी, टेबलावर. एका दूधवाल्याने पाणी दिलं आणि विचारलं, "काका, घरचा नंबर सांगा." ह्यांना एकच नंबर पाठ होता, आमच्या जुन्या लँडलाइनचा. तो फोन काढून आठ वर्षं झाली! शेवटी त्या भल्या माणसाने पत्ता विचारत विचारत गाडीवरून घरी आणून सोडलं. उपाशीपोटी गेल्यामुळे साखर उतरली होती, एवढंच निघालं. पण तो पाऊण तास मी इकडे पोहे करत होते आणि मला काही पत्ता नव्हता. ते पोहे अजून आठवतात.

संध्याकाळी हे आपणहून बोलले. "अगं, तो हातात राहत नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. खिशात घातला तर सदरा एका बाजूला ओढला जातो. पोराने हौसेने आणलाय, त्याला कसं सांगायचं?"

मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर फोन ठेवला. वरची काच आणि पाकिटासारखं उघडायचं कव्हर धरून २४६ ग्रॅम. पाव किलोला चार ग्रॅम कमी! पाव किलो साखरेची पुडी दहा मिनिटं कानाशी धरून बघा, म्हणजे कळेल.

मुलाला फोन केला. आधी तो म्हणाला, "अगं आई, छोट्या फोनवर बाबांना दिसणार कसं?" त्याचंही चूक नव्हतं. डोळ्यांना मोठा हवा, हाताला छोटा हवा, अशी ही ओढाताण. भाच्याने सुचवलं, की साधा बटणांचा फोन घ्या. पण मुलगी परदेशात, तिचा चेहरा रविवारी दिसतो तो व्हिडिओवर. भाजीवालीसुद्धा आता क्यूआर कोड पुढे करते. बटणांचा फोन म्हणजे ह्यांना त्या सगळ्यातून रिटायर करण्यासारखं. एकदा झालेत, तेवढं पुरे.

मग आधी फुकटचे उपाय केले. जाड कव्हर काढून पातळ घातलं. सेटिंग्जमध्ये एका हाताने वापरायची सोय असते, ती चालू केली. त्यात सगळा पडदा आक्रसून खाली येतो. हे म्हणाले, "फोन बिघडला." ती बंद केली.

बाजारात छोटा फोन शोधणं म्हणजे आणखी एक गंमत. २००७ साली पहिला आयफोन आला तो ३.५ इंची आणि १३५ ग्रॅमचा. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट काढला तेव्हा लोक हसले होते, एवढं धूड कानाला लावायचं का म्हणून. आज तेवढा पडदा छोट्यात जमा होतो. अ‍ॅपलने मधे ५.४ इंची 'मिनी' काढले, तेही २०२३ मध्ये बंद केले. त्यात स्वस्तातले फोन बहुतेक सगळे मोठे आणि जरा आटोपशीर फोन हवा तर किंमत चढी. म्हणजे फोन लहान, बिल मोठं. हे म्हणाले, "माझ्या पेन्शनमधून घेऊ." मुलगा नको नको म्हणत होता, पण मी ह्यांची बाजू घेतली. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू आवडली नाही तर तसं सांगता येतं. भेट मिळालेल्या वस्तूबद्दल माणूस दोन वर्षं गप्प बसतो, हे आम्ही पाहिलंच होतं.

दुकानात जाताना मी चक्क प्रश्नपत्रिका काढून नेली (जित्याची खोड). एक, फोन एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत न ताणता जवळपास पोचतो का? दोन, अक्षरं मोठी करून मराठी मजकूर वाचता येतो का? इंग्रजी नव्हे, मराठीच. आपल्या लिपीला वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे बारीक अक्षरात आधी तेच दिसेनासं होतं. तीन, पाच मिनिटं कानाशी धरून हात दुखतो का? चार, सदऱ्याच्या खिशात बसतो का? ह्यांनी स्वतः धरून, स्वतः वाचून ६.१ इंची फोन निवडला. पैकीच्या पैकी गुण नाही मिळाले. अक्षरं मोठी केली की बँकेच्या अ‍ॅपमधलं बटण पडद्याच्या खाली जातं, ते सरकवून वर आणावं लागतं. पण टाइप करायला आता माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलता येतं, त्यामुळे बोटांचा त्रास वाचला.

आता मुख्य मुद्दा, घ्यायचा केव्हा? माझ्यापुरतं उत्तर सापडलंय. जुना फोन चालू असताना. बंद पडल्यावर घाईत घेतला, तर नवा फोन शिकायचा आणि अडलेली कामंही करायची, दोन्ही एकदम डोक्यावर येतं. ह्यांचा नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला असतो. २०२१ पासून तो फोनसमोर चेहरा धरूनही देता येतो. म्हणून आम्ही नवा फोन ऑगस्टमध्येच घेतला. दिवाळीला मुद्दामच नाही. दिवाळीत मुलं फोन देतात, भाऊबीज करतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडतात. मग म्हातारा-म्हातारी त्या खोक्याकडे बघत बसतात. मुलगा चार दिवस राहिला. एका दिवशी एकच काम. पहिल्या दिवशी फक्त फोन घेणं आणि करणं. व्हॉट्सअ‍ॅप २०२३ पासून दुसऱ्या फोनला जोडता येतं, म्हणून महिनाभर ते दोन्हीवर चालू ठेवलं. सिम आणि पैशांचे व्यवहार मात्र हात बसल्यावर, सप्टेंबरात हलवले. नव्या फोनवर त्यांची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि ती गडबडीत करू नये. लॉक न उघडता दिसेल अशी औषधांची आणि आमच्या नंबरांची माहिती भरली. आणि हो, माझा नंबर ह्यांच्याकडून पाठ करून घेतला. पाढ्यासारखा!

नोव्हेंबरात ह्यांनी दाखला स्वतः दिला. दोनदा चेहरा पटला नाही, तिसऱ्यांदा पटला. पोस्टात जन्म गेलेला माणूस, पोच आल्यावर ती तीन वेळा वाचली.

मुलगा जाताना म्हणाला, "आई, मी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, मीही विचारलं नाही, आणि मी तर एकाच घरात राहते. तुमच्या घरी कुणाचा फोन सतत टेबलावर दिसू लागला, तर रागावू नका. नुसतं विचारा, जड होतोय का?

माझा फोन अजून मोठाच आहे आणि हात चांगले आहेत. माझी वेळ आली की मी सांगीन, असं मुलाला म्हटलंय. नाही सांगितलं, तर त्याने विचारायचं, असंही ठरलंय.

असो. हे आत्ताच फिरायला निघालेत. सदऱ्याच्या खिशातून फोनचं एक टोक दिसतंय.