न कुरकुरणारा फ्रीज

परवा लेकीचा अमेरिकेहून फोन आला. "आई, फ्रीज कसा आहे?" पूर्वी आधी बाबांची चौकशी व्हायची, हल्ली आधी फ्रीजची! त्यामागे कारण आहे, आणि नातेवाईक मंडळींनाही ते अर्धवटच माहीत आहे. म्हणून आज सगळं लिहून टाकते.

आमच्याकडे पहिला फ्रीज आला १९८१ साली. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. गोदरेजचा, एका दाराचा, १६५ लिटरचा. (आपल्या देशात तयार झालेला पहिला फ्रीजही गोदरेजचाच, १९५८ सालचा.) मे महिन्यात अख्खा वाडा बर्फ मागायला यायचा. दर पंधरा दिवसांनी फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर साचायचा. मग गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असली की मी मुहूर्त साधायची. फ्रीज बंद, दार उघडं, खाली जुनी धोतरं पसरलेली. घाई म्हणून शेजारच्या वहिनींनी एकदा सुरीने बर्फ खरवडला, तर नळीला भोक पडून सगळा गॅस गेला. आमचा मात्र सत्तावीस वर्षं टिकला. त्यात माझं कौतुक काही नाही. तो बर्फ साचवून हाक मारायचा, मी ओ द्यायची, इतकंच.

२०२१ च्या दिवाळीत लेकीने हा नवा घेऊन दिला. कपाटाएवढा, दोन दारांचा, बाहेर तापमानाचा आकडा दिसणारा. किंमत तिने सांगितली नाही, मी पावती पाहिली आणि गप्प बसले! घरात माणसं दोन. पण "आता काही बघावं लागणार नाही, बर्फ साचतच नाही," असं ती म्हणाली आणि मीही खरंच काही बघितलं नाही. चांगली तीन वर्षं.

गेल्या वर्षी मे महिन्यात ह्यांची साखर वाढायला लागली. जेवण तेच, चालणं तेच, इन्सुलिन वेळेवर. तरी एक दिवस आकडा ३२० वर गेला. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी उतरेना. मग त्यांनी विचारलं, "पेनं ठेवता कुठे?" मी ऐटीत सांगितलं, फ्रीजमध्ये, अगदी आत, मागच्या बाजूला, जास्त गार राहावीत म्हणून.

घरी येऊन पाहिलं तर मागच्या जाळीला टेकलेल्या पेनावर बर्फाचे कण. बाहेर आकडा मात्र ३ अंश! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की ते वितळल्यावर दिसतं तसंच, पण भरवशाचं राहत नाही, टाकूनच द्यावं लागतं. म्हणजे मी ह्यांना किती दिवस निकामी औषध टोचत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. तिशीचा मुलगा. म्हणाला, "काकू, मशीन उत्तम आहे, तुम्ही त्याचा श्वास कोंडलाय." फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्येही बर्फ साचतो, फक्त मागच्या पत्र्याआड. तिथला हीटर अधूनमधून तो वितळवतो आणि पाणी नळीतून खाली जातं. गार हवा पंख्याने मागच्या झरोक्यांतून येते. मी झरोक्यांसमोर डबे रचले होते. त्यामुळे पुढे उबारा, मशीन धावत राहणार आणि झरोक्यालगत गोठणार. दाराच्या रबराला गुळाचा पाक आणि खोबऱ्याचा कीस चिकटलेला, दार पुरतं लागत नव्हतं. तळाशी जाळीमागे धुळीची गोधडी, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकायलाही जागा नाही.

त्याने सांगितलेलं मी शाळेच्या वेळापत्रकासारखं लिहून दारावर लावलंय. तुम्हीही उतरवून घ्या:

दर रविवारी रबर कोमट साबणपाण्याने पुसणे. दारात दहाची नोट धरून ओढणे, सहज निघाली तर रबर सैल.
दर सहा महिन्यांनी प्लग काढून जाळीमागची धूळ मऊ ब्रशने झाडणे.
मागे आणि बाजूंना हवेला जागा. झरोक्यांसमोर काही नाही.
गरम आमटी आत नाही. पातळ पदार्थ झाकूनच, कारण वाफेचाच पुढे बर्फ होतो.
फ्रीज किंचित मागे कललेला, म्हणजे दार आपोआप लागतं.
अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून बघून घेणे. विजेच्या चढउताराने आतलं सर्किट जातं आणि तो खर्च मोठा.
इन्सुलिन मधल्या कप्प्यात, पुढे, डब्यात. शेजारी दोनशे रुपयांचा थर्मामीटर. बाहेरच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

एवढं केलं की महागडा फ्रीजही पंधरा वर्षं सहज जाईल, असं तो म्हणाला. नवी पेनं आणली, आठवड्याभरात ह्यांची साखर खाली आली. असो.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवसांत हे रात्री चार-चार वेळा पाणी प्यायला उठत होते. मला नंतर कळलं. "सांगितलं का नाही?" तर म्हणे, "तुझी झोप कशाला मोडायची?" जुना फ्रीज कुरकुरायचा म्हणून त्याच्याकडे लक्ष जायचं. नवा कुरकुरत नाही. आणि आमचे हे तर पन्नास वर्षांत कधीच कुरकुरले नाहीत!

आता रविवारी रबर पुसून झालं की ह्यांना समोर बसवून विचारते, झोप कशी, तहान किती, पायाला मुंग्या येतात का. हे म्हणतात, "ठीक आहे गं." ते ऐकते, आणि तरीही मशीन काढून साखर बघते.

लेकीला सांगितलं, फ्रीज बरा आहे. बाबाही.