हातात घ्या की, आजोबा

काचेवर ठेवलेले माझे बोट त्या दुकानातील तरुण विक्रेत्याने आपल्या हाताने उचलून बाजूला केले, या गोष्टीला आता काही वर्षे लोटली असली, पत्नी आणि नातवाखेरीज कोणापाशी मी तिची वाच्यता केलेली नसली आणि त्याच्या लेखी ती दिवसभरातल्या शंभर गोष्टींपैकी एक असणार हे मला पूर्णपणे ठाऊक असले, तरी तिचे स्मरण झाले की आजही माझी कानशिले तापतात. सातारच्या दिवाणी न्यायालयातून मी नाझर म्हणून निवृत्त झालो. लोकांच्या अनामत रकमा, जप्तीचा ऐवज आणि कपाटांच्या किल्ल्या यांचा हिशेब वर्षानुवर्षे माझ्या सहीने चालला व त्यात कधी एका पैची तफावत निघाली नाही. अशा हाताचे एका खेळाच्या यंत्राला भय वाटावे, हे शल्य आहे.

पार्श्वभूमी फार मोठी नाही. माझी कन्या सांगलीस विश्रामबागेत राहते. तिचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि टाळेबंदीच्या दीड वर्षात शाळा, मित्र, मैदान असे सारेच त्याला एका मोबाइलच्या पडद्यात कोंबावे लागलेले पाहून, २०२१ च्या दिवाळीला तू मागशील ते देईन, असा शब्द मी देऊन बसलो. त्याने प्लेस्टेशन ५ मागितले. जपानच्या सोनी कंपनीचे हे यंत्र २०२० च्या नोव्हेंबरात परदेशच्या बाजारांत उतरले आणि २ फेब्रुवारी २०२१ रोजी आपल्याकडे आले. त्याआधी १२ जानेवारीस जी आगाऊ नोंदणी सुरू झाली ती काही मिनिटांतच आटोपली होती. जगभर चिपांचा दुष्काळ पडलेला, त्यामुळे माल थोडा आणि मागणी अफाट. किंमत ४९,९९० रुपये. माझ्या पेन्शनीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती, परंतु शब्द दिलेला होता.

सप्टेंबरात सातारच्या एका दुकानात ५,००० रुपये अनामत भरून मी नाव नोंदवले आणि रीतसर पावती घेतली. दिवाळी आठ दिवसांवर आली असता ‘तुमचा नंबर लागला आहे’ असा निरोप आला, तेव्हा उरलेली रक्कम पाकिटात घालून मी पोवई नाक्यावरून चालतच गेलो. यंत्र दर्शनी काचेच्या पेटीत उभे केलेले होते. काळ्या अंगाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या वळणदार पाळ्या बसवलेल्या, उंची सव्वा फुटाच्या वर. आणि पायथ्याशी दोन्ही हातांनी धरावयाचा तो कंट्रोलर. आयुष्यात जी वस्तू कधी पाहिली नाही तिच्यावर पन्नास हजार रुपये खर्च करावयाचे, तर निदान तिचा स्पर्श कसा आहे हे पाहावे, एवढ्याच हेतूने पेटीची सरकती काच किंचित मागे सारण्यासाठी मी तिच्यावर बोट ठेवले आणि वर सांगितले ते घडले.

“हात लावू नका, काका. डिस्प्लेचा पीस आहे.”

मी विचारले, मग हातात घेऊन पाहण्यासारखा दुसरा कोणता आहे? तो म्हणाला, “घरी नेऊन बघा की.”

मी तेही गिळले असते. परंतु बिल करावयास मी गल्ल्यापाशी गेलो तेव्हा मालकाने सांगितले की, नुसते यंत्र मिळणार नाही. सोबत दोन गेम आणि एक जादा कंट्रोलर घ्यावा लागेल, कारण ‘सेटच आहे’. प्रत्येक गेम ४,९९९ रुपयांचा, कंट्रोलर ५,९९० रुपयांचा. म्हणजे न मागितलेल्या वस्तूंचे १५,९८८ रुपये आणि सगळे मिळून ६५,९७८. त्या दोन गेमांपैकी एकाच्या वेष्टनावर अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असा ठळक आकडा छापलेला होता आणि माझा नातू बारा वर्षांचा होता, हे मी दाखवून दिले. तेव्हा मालक म्हणाला, “मग तो तुम्ही खेळा.” मी पावती पुढे केली, पावतीवर अशी कोणतीही अट नाही, हे बोट ठेवून दाखवले. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी सक्ती करणे ही २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते, हेही सांगितले. त्याने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, एवढे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मग तो म्हणाला, “काका, नको असेल तर राहू द्या. तुमच्या मागे चाळीस जण थांबलेत.”

पाचशेच्या दहा नोटा त्याने मोजून परत दिल्या, पावती मागून घेतली आणि माझ्यादेखत फाडली. वास्तविक तेथून मी थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावयास हवे होते. नोकरीच्या काळात कितीतरी गोरगरिबांना, दावा लहान म्हणून सोडू नका, असे मीच सांगितले होते. पण अट तोंडी होती, तोंडी अटीला कागद नसतो, आणि जो एक कागद होता तो मी माझ्या हातानेच त्याच्या स्वाधीन केला होता. पैसे परत मिळाल्यावर फिर्याद कशाची, असे त्या दिवशी मी स्वतःला समजावले. आज ते मला पटत नाही. दिवाळीच्या तोंडावर त्या गल्ल्यापाशी असे किती जण आपल्या मुलांच्या डोळ्यांकडे पाहून १५,९८८ रुपये जास्तीचे भरून गेले असतील, हा विचार आला की माझ्या त्या दिवसाच्या मौनाची मला लाज वाटते.

काचेवरून उचललेल्या त्या बोटावरून मला मिरजेची आठवण होते. १९७८ साली मी तेथील सतारमेकरांच्या गल्लीत तानपुरा घेण्यास गेलो होतो. खिशात बेताचेच पैसे, अंगावर उसाच्या गाडीने केलेल्या प्रवासाची धूळ. त्या वृद्ध कारागिराने मला सतरंजीवर बसवले, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा एक तानपुरा माझ्या मांडीवर दिला आणि स्वतः कानस घेऊन दुसऱ्याची घोडी घासत बसला. मी तासभर तारा छेडीत होतो. तारेखाली दोरा सरकवून जवारी कशी उघडते, ती उघडली की भोपळ्याची थरथर छातीपर्यंत कशी पोहोचते, हे त्याने शब्दाने सांगितले नाही. माझा हात धरून दोरा सरकवला. त्या दिवशी मी काही न घेता परतलो आणि तो माणूस दारापर्यंत पोहोचवावयास आला. तानपुरा मी सहा महिन्यांनी त्याच्याचकडून घेतला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाचले तेव्हा मला प्रथम ती सतरंजी आठवली. जी वस्तू हाताने वापरावयाची ती हाताला दाखवल्यावाचून विकू नये, असा दंडक सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांच्या बाजारपेठांत पूर्वी न सांगता पाळला जात असे. लुगड्याचा पोत, विळ्याची धार, हळदीचा गड्डा, सगळे आधी हातात, मग भावाची बोली. दुकानदारांनी माझे ऐकावे: प्रत्येक नव्या यंत्राचा एक नग उघडा ठेवा. तो वर्षभरात झिजला तरी चालेल.

असो. दिवाळीच्या दोन दिवस आधी एसटीने कराड, पेठ नाका, इस्लामपूर करीत मी रिकाम्या हाताने सांगलीस गेलो. नातवाला झालेला प्रकार सांगितला. तो एवढेच म्हणाला, “आबा, चालतंय.” त्याचे ते ‘चालतंय’ मला फार लागले.

दुसऱ्या दिवशी कन्येच्या मोबाइलची चार्जरची वायर आणावयास आम्ही दोघे पेठेत गेलो. दुकान लहानसे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा ते बुडाले होते आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा बुडाले. भिंतीवर छातीभर उंचीपर्यंत नवा रंग आणि त्यावर जुना, असा आडवा पट्टा स्पष्ट दिसत होता. कोपऱ्यातल्या टीव्हीला तेच पांढरे यंत्र जोडलेले होते. मालकाने स्वतःसाठी घेतलेले, पण गिऱ्हाइकांना दिसावे म्हणून दुकानातच ठेवलेले. मी नुसता पाहत उभा राहिलो. हात पाठीमागे बांधलेले. साताऱ्याचा धडा ताजा होता.

“घ्या की आजोबा, हातात घ्या. हातात घेतल्याबिगर काय कळतंय?” असे म्हणून त्या माणसाने, ज्याचा सारा माल दोन वर्षांत दोनदा पाण्यात गेला होता, माझ्या तळव्यांवर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकले, ते वाळू दिले आणि कंट्रोलर माझ्या हातात ठेवला.

तो पाव किलोहून थोडा जड होता. तळहाताखालचा भाग किंचित खरखरीत लागला, म्हणून खिशातले वाचनाचे भिंग काढून पाहिले, तर त्या खरखरीत पृष्ठावर तिळाहूनही बारीक असे त्रिकोण, वर्तुळे, फुल्या आणि चौकोन यांची दाट पेरणी केलेली होती. बटनांवर जी चार चिन्हे मोठी तीच येथे अणुमात्र. जे डोळ्यांना दिसणार नाही ते इतक्या निगुतीने करणारा कारागीर कोणत्याही देशातला असो, मला तो आपला वाटतो.

मग खेळ सुरू झाला. यंत्राबरोबर आतच येणारा ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ नावाचा तो खेळ. एक चिमुकला पांढरा यंत्रमानव, आणि त्याला चालवण्यासाठी अंगठ्याखालची दांडी. तो वाळूवर आला आणि माझ्या तळव्यांत वाळू आली. याहून नेमके मला सांगता येत नाही. वाळूतून जाताना पाऊल जसे किंचित रुतते व दाणे घसरतात, तशी एक मऊ, तुटक कुजबुज उजव्या आणि डाव्या हातात पाऊलागणिक आळीपाळीने उमटत होती. तो कठीण जमिनीवर चढला, तेव्हा ती टणक झाली. बर्फावर गेला, तेव्हा लांबट आणि निसरडी. पुढे पाऊस आला. थेंब वेगवेगळे पडत होते. एक करंगळीपाशी, एक अंगठ्याच्या मुळाशी. गेले दीड वर्ष ज्या हातांनी दाराची कडी, दुधाची पिशवी, नोटा, शेजाऱ्याचा हात, सगळ्याचेच भय बाळगले होते, त्या हातांवर दुकानात उभ्या उभ्या पाऊस पडला आणि माझे डोळे भरून आले. मास्कमुळे ते कोणाच्या ध्यानात आले नसावे.

नातवाने मला तर्जनीखालचे खटके दाबावयास सांगितले. अर्ध्यापर्यंत ते सहज गेले आणि मग अडले. आतून कोणी तरी उलट ओढ देत आहे असे वाटले, विहिरीतून भरली घागर काठाशी येताना दोर हाताला जसा जड होतो तसे. मालकाने समजावून सांगितले ते असे, की मुठींच्या आत ध्वनिक्षेपकात असते तशा तारेच्या कुंडलांची एकेक जोडणी असते, ती आवाजाऐवजी थरथर निर्माण करते. आणि खटक्यांच्या मागे दात्यांची बारीक मोटर असते, ती बोटाला विरोध करते. म्हणजे तत्त्व तानपुऱ्याचेच. कंप उत्पन्न करावयाचा आणि तो शरीराला पोहोचवावयाचा. माझ्यासमोर तासभर घोडी घासणाऱ्या त्या वृद्धाला हे यंत्र दाखवता आले असते, तर त्याने ते कानापाशी नेले असते असे मला वाटते.

येथे एक गोष्ट लपवणे उचित होणार नाही. नव्वदीच्या दशकात कॅसेट घालून चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र आमच्या आळीतल्या दोन घरांत आले होते, आणि माझ्या मुलाने तसे एक दोन उन्हाळे सलग मागितले होते. ‘डोळे बिघडतात, वेळ जातो’ असे म्हणून मी ते नाकारले. शेजाऱ्यांकडे जाऊन ते यंत्र एकदा हातात घेऊन पाहावे असेही मला सुचले नाही. वस्तूला हात न लावताच मी निकाल दिला. मुलगा आता पुण्यास असतो. या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

त्याच दुकानदाराकडे मी नाव नोंदवले. ‘सेट’ची अट त्याने घातली नाही, पण वेळ लागेल हे स्पष्ट सांगितले. यंत्र आले ते २०२२ च्या फेब्रुवारीत, ४९,९९० रुपयांतच. तो खोका नातवाने छातीशी धरून रिक्षात ठेवला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारतातली किंमत पाच हजारांनी वाढली.

गेल्या मे महिन्यात मी सांगलीस होतो. नातू आता पुरुषभर उंच झाला आहे आणि मित्रांशी ऑनलाइन स्पर्धा खेळतो. एका दुपारी तो मोकळा दिसला म्हणून मी तो वाळूचा किनारा लावून मागितला. यंत्रमानव वाळूवर उतरला, चालू लागला, आणि माझ्या हातात काहीच आले नाही. खटके दाबले, ते लोण्यातून सुरी जावी तसे तळापर्यंत गेले. यंत्र बिघडले या समजुतीने मी घाबरलो.

“आबा, ते मी बंद केलंय,” तो म्हणाला. “थरथरलं की नेम चुकतो. बॅटरीपण लवकर उतरते.”

मी त्याला काही बोललो नाही. तो जे म्हणाला ते त्याच्या खेळाच्या दृष्टीने बरोबरच असणार. हाताचे ज्ञान मोठे, असे मी इतकी वर्षे मानीत आलो, आणि ज्याचा हात माझ्याहून शतपटीने तरबेज त्याला ते नडते, याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. त्याने सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही गोष्टी पूर्ववत केल्या, कंट्रोलर माझ्या हाती दिला आणि तो क्लासला निघून गेला. मी वाळूवरून चालत चालत पाऊस पडतो त्या ठिकाणापर्यंत गेलो आणि तेथे बराच वेळ उभा राहिलो.